फळांचे वजन आणि आपले वजन

मुलाचे अंग भरत नसेल तर त्याला रोज केळ्याचे शिकरण द्यावे, हा आपल्याकडचा जुना सल्ला. १९३४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. जॉर्ज हॅरप यांनी नेमके हेच दोन पदार्थ, केळी आणि दूध, लठ्ठ रुग्णांना वजन उतरवण्यासाठी दिले. फरक एवढाच की दूध साय काढलेले होते आणि त्याखेरीज दुसरे फारसे काही खायचे नव्हते. रुग्णांची वजने उतरली. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तसा लेख आला आणि मध्य अमेरिकेत केळ्यांचे प्रचंड मळे असलेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने त्याचा जाहिरातीसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला.

आता केळ्याने वजन वाढते म्हणायचे की कमी होते म्हणायचे? शिक्षकांना हा प्रश्न वर्गात आणि वर्गाबाहेरही विचारला जातो. आंबा, चिकू, द्राक्षे कायमची ‘बंद’ केलेले मधुमेही आपल्या ओळखीत असतात. पपईच्या फोडींवर दिवस काढणाऱ्या नववी-दहावीतल्या मुली असतात, आणि डब्यासोबत फळांच्या रसाचे खोके देऊन मुलाने फळ खाल्ले असे समजणारे पालकही असतात. प्रत्येकाजवळ या प्रश्नाचे एकेक उत्तर तयार आहे आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शास्त्रज्ञांची उत्तरेसुद्धा गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. फळ तेच होते. ते मोजण्याचे साधन मात्र दर पिढीत निराळे होते. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे साधनाला जे मोजता येते तेवढेच खरे मानून चालतो. त्याचा हा एक चांगला नमुना आहे, म्हणून ही हकिगत जरा सविस्तर सांगतो.

कोठीतला माणूस

अन्न आणि उष्णता यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली ती लाव्हाझिए व लाप्लास यांनी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी गिनी पिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजले. माणसाचा असा नीट हिशेब लागायला मात्र आणखी शंभरावर वर्षे जावी लागली. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मिडलटाउन या गावी वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मनीत म्युनिक येथे कार्ल फॉइट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी या विषयाचे धडे घेतले होते. तेथून परतल्यावर एडवर्ड रोझा या भौतिकीच्या प्राध्यापकांना हाताशी धरून त्यांनी एक बंदिस्त कोठी बांधली. तिच्यात एक माणूस झोपू शके, बसून वाचू शके, जागच्या जागी सायकल मारू शके. कोठीतल्या नळ्यांमधून पाणी खेळवलेले असे. ते किती तापले यावरून माणसाच्या शरीरातून निघालेली उष्णता कळे. आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे पृथक्करण होई. माणसाला दिलेले अन्न आणि त्याचे मलमूत्र तोलले जाई, त्यांचे नमुने जाळून त्यांतली उष्णता पाहिली जाई. १८९६ पासून माणसे या कोठीत सलग काही दिवस राहू लागली. जमा आणि खर्च जवळजवळ पैला पै जुळले.

एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ उष्मांक, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ आणि एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४, हे आज बिस्किटाच्या पुड्यावरच्या आकड्यांमागे असलेले सूत्र याच कामातून आले.

अ‍ॅटवॉटर यांची तळमळ लठ्ठ माणसांसाठी नव्हती. कामगाराने आपल्या तुटपुंज्या मजुरीत कुटुंबाचे पोट कसे भरावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. २५ सेंटांत कोणत्या अन्नातून किती प्रथिने व किती उष्मांक मिळतात याची कोष्टके त्यांनी सरकारी पत्रकांतून छापली. त्या हिशेबात गव्हाचे पीठ, वाल-वाटाण्यासारखी कडधान्ये, खारवलेले डुकराचे मांस हे पदार्थ सरस ठरले. फळे आणि पालेभाज्या तळाला गेल्या. त्यांत बहुतेक पाणीच, तेव्हा गरिबाने त्यांवर पैसे का घालवावेत? या निष्कर्षाला हसणे आज सोपे आहे. पण जीवनसत्त्व ही कल्पना तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कासिमीर फुंक यांनी तो शब्द काढला १९१२ साली. कोठीला उष्णता मोजता येत होती आणि तेवढ्यापुरते तिचे म्हणणे बरोबरच होते.

गंमत पुढे आहे. १९१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी वजन कमी करण्यावर एक पुस्तक लिहिले. त्या स्वतः एके काळी चांगल्याच स्थूल होत्या. अन्नाकडे वाटी-तुकड्यांच्या मापाने न पाहता उष्मांकांच्या मापाने पाहायला त्यांनी वाचकांना शिकवले. पावाचा तुकडा म्हणायचे नाही, शंभर उष्मांकांचा पाव म्हणायचे! पुस्तक तुफान खपले आणि पुढची काही वर्षे खपतच राहिले. या हिशेबात फळे एकदम वर आली. ज्या आकड्यामुळे अ‍ॅटवॉटर यांच्या कोष्टकात ती तोट्याची ठरली होती, त्याच आकड्यामुळे पीटर्सबाईंच्या कोष्टकात ती फायद्याची ठरली. वीस-पंचवीस वर्षांत आकडा बदलला नव्हता, विचारणाऱ्याची गरज बदलली होती.

आपल्याकडे ही कोष्टके आली ती कुन्नूरमार्गे. तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांवरची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तेथील गोपालन, रामशास्त्री व बालसुब्रमण्यन यांची कोष्टके १९७१ साली निघाली. २०१७ मध्ये संस्थेने नवे पृथक्करण करून ती नव्याने छापली आहेत. शाळेच्या कपाटात मात्र जुनीच प्रत सापडण्याचा संभव अधिक, म्हणून तिच्यातले आकडे देतो. शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागात कलिंगडात १६ उष्मांक, पपईत ३२, संत्र्यात ४८, पेरूत ५१, सफरचंदात ५९, आंब्यात ७४, फणसाच्या गऱ्यात ८८, चिकूत ९८, सीताफळात १०४ आणि केळ्यात ११६. गोड बिस्किटे याच कोष्टकात ४५० च्या घरात आहेत. म्हणजे ‘वजन वाढवणारे’ म्हणून बदनाम झालेले केळेसुद्धा बिस्किटाच्या साधारण चौथ्या हिश्शावर आहे. कारण उघड आहे. केळ्यात ७० टक्के पाणी असते, पेरूत नि आंब्यात ८० टक्क्यांच्या आसपास. पाणी उडवून टाकले की चित्र पालटते. द्राक्षात ७१ उष्मांक, तर त्याच्याच मनुकांत ३०८!

यावरून हॅरप यांचे कोडे सुटते. त्यांच्या रुग्णांना दिवसभरात मिळून हजाराच्या आसपास उष्मांक मिळत होते. मोठ्या माणसाच्या गरजेच्या निम्मे. आपल्याकडचे शिकरण सायीच्या दुधात, वर साखर घालून, पोळीबरोबर आणि नेहमीच्या जेवणाच्या जोडीला खाल्ले जाते. वजन घटण्याचे श्रेय किंवा वाढण्याचे खापर, दोन्ही केळ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. हॉलिवूडच्या नावाने १९३० च्या सुमारास गाजलेल्या ग्रेपफ्रूटच्या अठरा दिवसांच्या आहाराचे इंगितही हेच होते. लोक मात्र त्या आंबट फळात चरबी जाळणारे काहीतरी द्रव्य आहे असे समजून बसले. आपल्याकडे ‘अननसाने चरबी वितळते’ असे म्हणतात ते त्याच जातीचे. अननसात ब्रोमेलिन नावाचे विकर असते हे खरे, पण ते प्रथिनांचे विघटन करते. चरबीशी त्याचा काही संबंध नाही.

नावाने घातलेला घोळ

उष्मांकांनंतर पाळी आली साखरेची. १८४७ साली फ्रान्समध्ये द्युब्रुनफो या रसायनशास्त्रज्ञाने एक वेगळी साखर शोधली. दहा वर्षांनी इंग्लंडच्या विल्यम मिलर यांनी तिला फळाच्या लॅटिन नावावरून ‘फ्रुक्टोज’ हे नाव दिले. मराठीत आपण फलशर्करा म्हणतो. हे बारसे फळांना पुढे फार महागात पडले.

आधी मात्र तिचे कौतुक झाले. ही साखर ग्लुकोजपेक्षा गोड, आणि खाल्ल्यावर रक्तातले ग्लुकोज फारसे वाढत नाही. मधुमेह्यांसाठी आणखी काय हवे? १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ माणसांना खाऊ घालून, प्रत्येकाने रक्तशर्करा किती वाढते याची तुलना केली. ग्लुकोज १०० धरले तर फ्रुक्टोज २० भरले. त्याच यादीत पांढरा भात ७२, पांढरा पाव ६९, केळे ६२, संत्रे ४० आणि सफरचंद ३९ आहे. फळ गोड लागते म्हणून सोडायचे आणि भात गोड लागत नाही म्हणून पोटभर खायचा, या आपल्याकडच्या रिवाजाला या यादीत तरी आधार मिळत नाही.

मग वारे फिरले. १९७० नंतर अमेरिकेत मक्यापासून बनवलेला, फ्रुक्टोजचे प्रमाण वाढवलेला पाक स्वस्त झाला आणि शीतपेयांत शिरला. १९८४ मध्ये कोकाकोला व पेप्सी यांनी तिथे उसाची-बिटाची साखर पूर्णपणे सोडून तो पाक वापरायचे ठरवले. फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृतात जातो आणि तो फार झाला तर तिथे त्याची चरबी बनते, हेही या काळात स्पष्ट होत गेले. २००४ मध्ये ब्रे, नील्सन व पॉपकिन यांनी या पाकाचा आणि अमेरिकेतल्या लठ्ठपणाचा संबंध जोडणारा लेख लिहिला. त्यावर पुष्कळ वाद झाला. सामान्य वाचकाच्या कानी पडले ते एवढेच की फ्रुक्टोज वाईट. फ्रुक्टोज म्हणजे फळातली साखर, तेव्हा फळ वाईट!

ही बेरीज चुकीची आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, चहाचा कप पुरतो. आपल्या नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो. कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर घालून दिवसात चार चहा घेणाऱ्याच्या पोटात वीस ग्रॅम फ्रुक्टोज जाते. तेवढे सफरचंदांतून मिळवायचे तर दोन मोठी सफरचंदे खावी लागतील. चार चहा सुखाने पिणारा गृहस्थ सफरचंदाला ‘त्यात साखर असते’ म्हणून नको म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे हे गणित मांडून पाहावे.

शिवाय वेगाचाही प्रश्न आहे. २०१८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने उंदरांवर दाखवले की थोडे फ्रुक्टोज दिले तर त्यातले बहुतेक लहान आतड्यातच ग्लुकोज व इतर पदार्थांत बदलते. एकदम जास्त दिले तरच ते आतड्याला न आवरता यकृताकडे वाहते. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जपून बोलावे. तरी चावून चावून खाल्लेले फळ आणि गटागटा प्यालेले पेय यांत शरीराच्या दृष्टीने फरक का असावा, याची एक वाट त्यातून दिसते.

सतरा मिनिटे, सहा मिनिटे, दीड मिनिट

या फरकाकडे नीट पाहिले ते ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी, आणि तेही चाळीस वर्षे आधी. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग तोच आहे, आणि त्याला खर्च जवळपास काहीच आला नसेल.

पार्श्वभूमी अशी. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर क्लीव्ह अनेक वर्षे सांगत होते की पांढरा मैदा आणि साखर यांनी माणसाची भूक फसते. आफ्रिकेत काम केलेले बर्किट व ट्रॉवेल हे डॉक्टर अन्नातल्या चोथ्याचे महत्त्व सांगत होते. ब्रिस्टलचे केनेथ हीटन यांनी या दोन्ही विचारांना धरून १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक कल्पना मांडली. चोथा हा उष्मांक पोटात जाण्याच्या वाटेतला अडथळा आहे. त्यामुळे चावावे लागते, वेळ जातो, लाळ सुटते, पोट फुगते आणि माणूस आधीच थांबतो. चोथा काढून टाकला की वाट मोकळी!

कल्पना मांडणे सोपे असते. ती तपासण्यासाठी हीटन, हेबर व सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसे घेतली. त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी सफरचंदाचे जेवण दिले. प्रत्येक जेवणात पचणारी कर्बोदके ६० ग्रॅमच. एकदा सफरचंदे होती तशी. एकदा त्यांचा लगदा, म्हणजे चोथा आहे पण मोडलेला. आणि एकदा गाळलेला रस, चोथा अजिबात नाही. उष्मांकांची वही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही दिवसांची नोंद सारखीच.

सबंध सफरचंदे संपवायला सुमारे सतरा मिनिटे लागली, लगद्याला सहा आणि रसाला दीड. समाधान सर्वांत जास्त सफरचंदांनी झाले, त्याहून कमी लगद्याने, सर्वांत कमी रसाने. यात नवल काय, सावकाश खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटतेच, असे कोणीही म्हणेल. ती शंका संशोधकांनाही आली. म्हणून त्यांनी तिन्ही प्रकार सारख्याच वेगाने घ्यायला लावले. तरी क्रम तोच राहिला! म्हणजे नुसता चावण्याचा वेळ हे कारण पुरेसे नव्हते. सबंध फळाच्या घडणीतच काहीतरी होते. रक्ताची तपासणी आणखी बोलकी ठरली. रक्तशर्करा तिन्हींनी सारखीच चढली. पण रस प्यायल्यावर इन्शुलिन अधिक स्रवले आणि नंतर शर्करा एकदम खाली घसरली. लगद्याने ती थोडी घसरली. सफरचंदांनी घसरली नाही. हा लेख १९७७ च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’मध्ये आला.

अ‍ॅटवॉटर यांची कोठी अचूक होती, पण तिच्यात बसलेल्या माणसाला किती भूक आहे हे तिला कळत नव्हते. तिच्या दृष्टीने लगदा, रस, फळ सारखेच होते. वजनाचा प्रश्न मात्र पुष्कळसा इथेच ठरतो, कारण एकाच दिवसात नव्हे तर रोज, वर्षानुवर्षे, आपण कधी थांबतो यावर वजन अवलंबून असते.

‘मग रसात चोथ्याची भुकटी मिसळली तर?’ हा व्यापारी बुद्धीचा प्रश्न साहजिकच पुढे आला. २००९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात फ्लड-ओबागी व बार्बरा रोल्स यांनी ५८ प्रौढांना दुपारच्या जेवणाआधी आळीपाळीने सफरचंद, सफरचंदाचा लगदा, रस आणि चोथा मिसळलेला रस दिला. प्रत्येकातले उष्मांक सारखेच. आधी सफरचंद खाल्ले की त्या सफरचंदाचे उष्मांक धरूनसुद्धा एकूण जेवण १५ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १९० उष्मांकांनी कमी झाले. चोथा मिसळलेला रस आणि साधा रस यांत फरक दिसला नाही. एकदा मोडलेले फळ भुकटी घालून पुन्हा जुळत नाही.

या प्रयोगातली तीन रूपे आपल्याला अनोळखी नाहीत. रायवळ आंबा माचून, चोखून खाणे, फोडी करून खाणे आणि आमरस करणे यांत जो फरक आहे तो याच जातीचा. आमरसात तर वर साखर पडते, तूप पडते आणि समोर पुऱ्यांची चळत असते. उन्हाळ्याची सुट्टी संपताना वजन वाढलेले दिसते तेव्हा दोष आंब्याला देतात, पुऱ्यांची गणती कोणी करत नाही.

तराजूवर काय दिसले

एका जेवणापुरती भूक कमी होणे वेगळे आणि महिनोन्‌महिने वजन उतरणे वेगळे. तेव्हा प्रत्यक्ष वजनांकडे वळू.

ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरो येथील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या स्त्रियांना नेहमीच्या कमी उष्मांकांच्या आहाराबरोबर रोज तीन सफरचंदे, तीन नाशपाती किंवा ओटची बिस्किटे दिली. बारा आठवड्यांत फळे खाणाऱ्यांचे वजन सरासरी १.२ किलोने उतरले, बिस्किटे खाणाऱ्यांचे त्याहून कमी. हा लेख २००३ चा. मेक्सिकोत २०११ मध्ये १३१ लठ्ठ व स्थूल व्यक्तींचे दोन गट केले. दोन्ही गटांचा आहार कमी उष्मांकांचा. एका गटाचे फ्रुक्टोज जवळजवळ तोडले, म्हणजे फळेही आलीच. दुसऱ्या गटाची साखर तोडली, पण फळांतले फ्रुक्टोज चालू ठेवले. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी २.८ किलोने आणि फळे खाणाऱ्या गटाचे ४.२ किलोने उतरले होते.

मधुमेह्यांबाबतचा प्रयोग डेन्मार्कमधला, २०१३ सालचा. नुकतेच निदान झालेल्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ६३ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज किमान दोन फळे खा असे सांगितले, उरलेल्यांना दोनपेक्षा जास्त खाऊ नका असे. बारा आठवड्यांनंतर दीर्घकालीन रक्तशर्करेचा आकडा दोन्ही गटांत सुधारला आणि दोन्ही गटांत फरक नव्हता. वजन फळे जास्त खाणाऱ्यांचे २.५ किलोने, कमी खाणाऱ्यांचे १.७ किलोने उतरले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. फळे खाल्ल्याने नुकसान झाले नाही, हा त्यातला मुद्दा. मधुमेह्याने आपले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, पण ‘सगळी फळे बंद’ या आदेशामागे पुरावा काय, हेही त्याने जरूर विचारावे.

इथवर वाचून कोणी उद्यापासून जेवणानंतर दोन केळी वाढवून वजन उतरण्याची वाट पाहील, तर त्याची निराशा होईल. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातील कॅथरिन कायसर, डेव्हिड अ‍ॅलिसन प्रभृतींनी २०१४ मध्ये अशा सात नियंत्रित प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. लोकांना फळे-भाज्या वाढवायला सांगितल्या आणि बाकी आहारात काही कमी करायला सांगितले नाही, तर वजनावर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. वजन घटत नाही. वाढतही नाही, हेही ध्यानात घ्यावे. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने १,३३,४६८ अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या, चोवीस वर्षांपर्यंतच्या नोंदी तपासल्या. रोजच्या आहारात फळांचा एक हिस्सा वाढवणाऱ्यांचे वजन चार वर्षांत इतरांच्या तुलनेने सुमारे पाव किलोने कमी आढळले. सफरचंद-नाशपातीच्या बाबतीत अर्ध्या किलोहून थोडे अधिक. बटाटा, मका यांच्या बाबतीत उलट दिसले. अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. फळे खाणारी माणसे फिरायलाही जात असतील.

चार वर्षांत पाव किलो! यावर जाहिरात काढता येणार नाही. पण या सर्व आकड्यांचा रोख एकाच दिशेला आहे. फळ कशाच्या जागी येते, यावर सारे अवलंबून आहे. ब्राझीलच्या स्त्रियांत ते बिस्किटांच्या जागी आले, पेनसिल्व्हेनियात जेवणातल्या काही घासांच्या जागी. नुसते भर म्हणून आले तर तराजूचा काटा हलत नाही. आपल्या ‘फराळ’ या शब्दाचेच पाहा. तो ‘फलाहार’ वरून आला. आज उपवासाच्या ताटात शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि एखादे केळे असते. उपवास करून वजन वाढले अशी तक्रार ऐकू येते तेव्हा संशय पुन्हा केळ्यावरच!

फळांनी सगळे जेवणच हटवले तर काय होते, तेही सांगितले पाहिजे, कारण हा प्रकार शाळकरी मुलींमध्ये दिसतो. शंभर ग्रॅम पपईत ३२ उष्मांक आणि जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम प्रथिने. दिवसभरात एखादी मुलगी दीड किलो पपई खाऊ शकली, तरी तिला पाचशेच्या आत उष्मांक आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतील. या वयाच्या मुलीला रोज ४०-४५ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उतरेल, पण त्यात स्नायूही झिजतील. वाढीच्या वयात हा सौदा फार वाईट आहे, आणि अशा मुलीशी शिक्षिकेने एकट्यात, वजनाची थट्टा न करता बोलणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसाच्या ताटात फळांचा वाटा सुमारे १०० ग्रॅम आहे, म्हणजे एक मध्यम पेरू. बाकीच्या ताटात धान्य, डाळ, दूध, भाज्या सगळे आहे.

ब्रिस्टलचा प्रयोग, रक्ततपासणी वगळून, वर्गात करण्याजोगा आहे. मोसंबी किंवा संत्री घ्यावीत. सोललेली तीनशे ग्रॅम फळे एका गटाला फोडींसकट खायला द्यावीत. दुसऱ्या गटाला तेवढ्याच फळांचा गाळलेला रस, साखर न घालता, द्यावा. घड्याळ लावून वेळ टिपावी. पाऊण-एक तासाने प्रत्येकाने आपल्या भुकेला शून्य ते दहा गुण द्यावेत, शेजाऱ्याचे न पाहता. पुढच्या आठवड्यात गट बदलावेत. हे केले नाही तर मुळातच जास्त भूक असलेली मुले एका गटात आली असतील, ही शंका राहते. तिसऱ्या आठवड्यात रस चमच्याने, फळ खायला लागला तेवढाच वेळ घेऊन प्यायला लावावा. मुलांची वजने मात्र वर्गात घेऊ नयेत, त्याची या प्रयोगाला गरज नाही. कोणाला मधुमेह असेल तर पालकांना आधी विचारावे, किंवा त्याच्याकडे घड्याळ द्यावे.

नाशिक-सांगलीकडच्या शाळांना द्राक्षांवर प्रयोग करण्याचा मोह होईल. जरूर करावा. ब्रिस्टलच्या बोल्टन, हीटन व बरोज यांनी १९८१ मध्ये संत्री आणि द्राक्षे दोन्ही तपासली होती. समाधान दोन्हींत सबंध फळानेच जास्त झाले. संत्र्यांत इन्शुलिनही सफरचंदासारखेच वागले. द्राक्षांत मात्र रसापेक्षा सबंध द्राक्षांनीच इन्शुलिन अधिक स्रवले, आणि संशोधकांनी ते तसेच छापले.